धनुर्मासांतला शनिवार-रविवार

पुण्यास पाहुण्यानें यावें तर डिसेंबरांत यावें, असें आम्ही पुणेकर मोठ्या अभिमानानें सांगत असतों. पाहुणा खरोखरच डिसेंबरांत दारीं येऊन उभा राहिला म्हणजे मात्र त्याला दोन दिवसांत काय दाखवावें, ह्याचा विचार कोणींच केलेला नसतो. मग शुक्रवारीं रात्रीं जेवणें उरकल्यावर एक कागद पुढें येतो, घरांतले पुरुष त्याच्याभोंवतीं बसतात, आणि अर्ध्या तासांत त्यावर अकरा ठिकाणांचीं नांवें चढतात.

२०२४ च्या डिसेंबरांत आमच्या घरीं असेंच झालें. आमचें बिऱ्हाड कोथरुडांत आहे. एकाच जिन्याला तीन दारें, पण चूल एक. नागपूरच्या वन्सं, त्यांचे यजमान आणि दोन मुलें अशीं चौघें शनिवार-रविवारसाठीं आलीं होतीं. थोरला भाचा जानेवारींत शिक्षणाकरितां जर्मनीला जायचा होता, आणि जाण्यापूर्वीं त्यानें आजीजवळ दोन दिवस काढावे, हा ह्या भेटीचा मूळ हेतु. कागद पुरा झाला तेव्हां त्यांत सिंहगड होता, शनिवारवाडा होता, बागा होत्या, एक नवें मोठें बाजारभवनहि होतें. आजी कोठेंच नव्हती.

कागद करणाऱ्यांच्या मनांत कांहीं वाईट होतें असें मी म्हणत नाहीं. सासूबाईंना ८१ वें वर्ष चालू होतें आणि त्यांच्या गुडघ्यांची तक्रार जुनी. ‘आईला घरींच बरें वाटेल’ असें सर्वांनीं धरून चाललें होतें. आतां सासूबाई घरीं राहायच्या म्हणजे दोघींपैकीं एका सुनेनें घरीं राहायचें; आणि घरीं राहायचेंच तर परत येणाऱ्यांचा स्वयंपाक करून ठेवायचा. हें इतकें ठरल्यासारखें होतें कीं तें कागदावर लिहावेंहि लागलें नव्हतें.

धाकट्या जाऊबाईंनीं कागद उचलला, शांतपणें वाचला आणि विचारलें, “ह्यांत जेवण कोणत्या ओळींत आहे?”

“डबे नेऊं कीं,” भाऊजी म्हणाले.

“नेऊं तर खरेच. पण भरायचे कोणीं?”

ह्यावर जरा शांतता पसरली. ती भाच्यानेंच मोडली. “मामी, आजी जेथें येऊं शकेल तेवढींच ठिकाणें ठेवूं या. बाकीचीं राहूं देत.” आणि त्यानें पेन्सिल घेऊन खोडायला सुरुवात केली.

एकेक नांव खोडतांना जी चर्चा झाली ती वाचकांच्याहि उपयोगीं पडेल म्हणून थोडक्यांत देतें. पहिला गेला सिंहगड. गडावरच्या पिठल्या-भाकरीविषयीं आणि मडक्यांतल्या दह्याविषयीं माझी कांहींच तक्रार नाहीं. पण थंडीच्या रविवारीं अर्धें पुणें त्याच वाटेला लागतें, आणि घाटांत गाड्यांच्या रांगेंत धूर खात बसावें लागतें. ज्यांना शक्य असेल त्यांनीं मधल्या एखाद्या वारीं जावें. मग शनिवारवाडा खोडला गेला. १० जानेवारी १७३० ह्या दिवशीं त्याचा पाया घातला गेला, तो वार शनिवार, म्हणून तें नांव, एवढें मुलांना घरींच सांगतां आलें. १८२८ च्या आगींत आंतला वाडा जळून गेला. आतां तेथें तट, दिल्ली दरवाजा आणि जोतीं उरलीं आहेत, आणि तीं पाहायला पुष्कळ चालावें लागतें. एम्प्रेस बागेंतलें फुलांचें प्रदर्शन जानेवारींत भरतें, त्यामुळें तें आपोआपच गळलें. बाजारभवनाचें नांव भाचीनें घातलें होतें. तसलें नागपुरांतहि आहे हें लक्षांत येऊन तिनेंच तें काढलें. जंगली महाराज रस्त्यावरचें पाताळेश्वराचें लेणें मात्र मला खोडवेना. आठव्या शतकांत एका अखंड खडकांतून कोरून काढलेलें तें देऊळ आणि त्याच्यापुढचा तो गोल नंदीमंडप शहराच्या अगदीं मध्यावर असून शेजारून रोज जाणाऱ्या हजारों माणसांना त्याची आठवण नसते. पण तेथेंहि पायऱ्या उतराव्या लागतात. “तें मी एकटा जाऊन बघीन,” असें भाचा म्हणाला.

भाऊजींचा जीव कवडीवर. सोलापूर रस्त्यानें शहराबाहेर पडल्यावर मुळा-मुठेच्या कांठीं हें ठिकाण आहे. हिंवाळ्यांत तेथें लडाख-तिबेटाकडचे चक्रवाक उतरतात. संस्कृत कवींनीं ज्यांना रात्रभर विरहांत ठेविलें तें नारिंगी रंगाचें जोडपें येथें सकाळच्या कोंवळ्या उन्हांत शेजारीं-शेजारीं चरत असतें. दुर्बीण घेऊन पहांटे जावें, आणि नाकाला रुमाल असूं द्यावा. कारण नदींतून पाण्याबरोबर सगळ्या शहराचें सांडपाणी वाहत असतें. ज्या पाण्यांत आपण पाऊल घालणार नाहीं तेथें हे पक्षी इतक्या दुरून येऊन उतरतात, हें पाहतांना आनंदापेक्षां शरमच अधिक वाटते. भाऊजींनीं कवडीवर रेघ मारली नाहीं. नुसता कंस घातला.

असें करतां करतां तीन ठिकाणें उरलीं: मंडई, केळकर संग्रहालय आणि पर्वतीचा पायथा. मंडई हें पाहायचें ठिकाण आहे कीं काय, अशी शंका वन्संच्या यजमानांनीं काढली. तिचें उत्तर दुसऱ्या दिवशीं मिळालें.

पुण्याच्या हिंवाळ्याचें एक स्वतंत्र घड्याळ आहे, आणि तें पाळल्यावांचून ह्या शहराची गोडी कळत नाहीं. सूर्य सातनंतर उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. त्या वर्षीं तर शनिवार २१ डिसेंबरचा, म्हणजे वर्षांतला सर्वांत लहान दिवस. पहांटे बोटें गारठतात, अकरापर्यंत ऊन पाठीवर घ्यावेंसें वाटतें, आणि एक वाजतां तेंच ऊन टोचूं लागतें. शाल पांघरून निघालेला माणूस दुपारीं ती कोठें ठेवावी ह्या विवंचनेंत असतो. म्हणून सकाळ उघड्यावर घालवावी, दुपार छपराखालीं, आणि दिवेलागणीला घराकडे वळावें. एका दिवसांत दोन ठिकाणांहून अधिक पाहूं नये, असें माझें मत आहे. तिसऱ्या ठिकाणीं पोहोंचेपर्यंत मुलें भुकेलेलीं असतात आणि मोठीं माणसें एकमेकांवर चिडलेलीं.

शनिवारीं सकाळीं आम्ही दहाजणें मेट्रोनें निघालों. कोथरुडाकडचा हा मार्ग मार्च २०२२ मध्यें सुरू झाला. पण जमिनीखालून थेट मंडईपर्यंत जातां येऊं लागलें तें २९ सप्टेंबर २०२४ पासून. जिल्हा न्यायालयाच्या स्थानकांत गाडी बदलावी लागते. स्थानकांत लिफ्ट असल्यामुळें सासूबाईंच्या गुडघ्यांना त्रास पडला नाहीं. वृद्ध माणसांना घेऊन पेठांत जायचें तर ह्याहून सोयीची वाट मला दुसरी माहीत नाहीं. न्यायालयाच्या पुढें बोगदा मुठेच्या पात्राखालून जातो. भाच्यानें तें आजीला सांगितलें.

“म्हणजे आत्तां नदी डोक्यावर आहे?” सासूबाईंनीं विचारलें. तो हो म्हणाला तेव्हां त्यांनीं संवयीनें बटव्यांतून एक नाणें काढलें. तें कोठें टाकावें हें न कळून क्षणभर मुठींत धरलें आणि पुन्हां बटव्यांत ठेविलें.

महात्मा फुले मंडईची अष्टकोनी दगडी इमारत आणि तिचा मनोरा पुण्याच्या प्रत्येक चित्रांत असतो, पण तिची कथा थोड्यांनाच ठाऊक असते. ती १८८६ सालीं उघडली. त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे ह्यांच्या नांवावरून तिला रे मार्केट म्हणत. नगरपालिकेचे सभासद असतांना जोतीराव फुल्यांनीं ह्या बांधकामाच्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा लोकांच्या शिक्षणाकडे लावावा, असें त्यांचें म्हणणें. पुढें आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानें ह्याच इमारतीला फुल्यांचें नांव दिलें गेलें. विरोध करणाऱ्याचें नांव त्याच वास्तूवर मानानें झळकावें, असें उदाहरण आमच्या शहरांत तरी मला दुसरें आठवत नाहीं.

हिंवाळ्यांतली मंडई ही बारा महिन्यांतली सर्वांत श्रीमंत मंडई. मटाराचे ढीग, हरभऱ्याच्या जुड्या, पावट्याच्या शेंगा, लाल गाजरें, चाकवत, ओली हळद, बोरें, पेरू आणि भरताचीं टपोरीं जांभळीं वांगीं. संक्रांत जवळ आली कीं ह्यांतलीं कित्येक एकाच टोपलींत, भोगीच्या भाजीसाठीं म्हणून, एकत्र येतात. वन्संच्या यजमानांनीं नागपुरी संत्र्यांचा भाव विचारला आणि तो ऐकून इतके गंभीर झाले कीं पुढचा अर्धा तास ते बोललेच नाहींत.

सासूबाईंना एका गाळ्यापाशीं बसायला स्टूल मिळालें, आणि त्यांनीं भाच्याला कामाला लाविलें. “भरताचें वांगें कसें घ्यायचें, सांग बघूं?” त्यानें सर्वांत जड दिसलें तें उचललें. “ठेव तें. दिसायला मोठें आणि हाताला हलकें असेल तें घे. जड वांग्यांत बिया फार.” मग त्यानें दोन्ही हातांत दोन वांगीं तोलून पाहिलीं, एक परत ठेविलें, दुसरें आजीला दाखविलें. असा तो खेळ दहा मिनिटें चालला. भाजीवाल्या बाई हंसत होत्या. त्यांनींहि मध्येंच एक वांगें त्याच्या हातांत देऊन त्याची परीक्षा घेतली. मुलगा जर्मनींत स्वतःच्या हातानें स्वयंपाक करणार होता. तेथें काय मिळेल आणि काय नाहीं, हें आजीला ठाऊक नव्हतें. वांग्याची परीक्षा तेवढी तिनें त्याला देऊन टाकली.

दुपारचें जेवण आम्ही जवळच्याच एका खाणावळींत घेतलें. सासूबाईंच्या मतें आमटींत गूळ नव्हता. पण पान त्यांनीं स्वच्छ केलें. तेथून रिक्षानें बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाला गेलों.

हें संग्रहालय एका माणसाच्या नादांतून उभें राहिलें. दिनकर गंगाधर केळकर हे १८९६ सालीं जन्मले. ‘अज्ञातवासी’ ह्या नांवानें कविता लिहीत आणि चष्म्यांचें दुकान चालवीत. जुन्या वस्तु जमविण्याचा त्यांना ध्यास लागला, आणि त्यांच्या पत्नी कमलाबाई ह्यांची त्या कामीं त्यांना साथ मिळाली. गांवोगांवच्या वाड्यांतून, मोडीच्या ढिगांतून त्यांनीं वीस हजारांवर वस्तु गोळा केल्या. अकालीं गेलेल्या राजा ह्या मुलाचें नांव त्यांनीं त्या संग्रहाला दिलें आणि १९७५ सालीं तो सगळाच्या सगळा महाराष्ट्र शासनाच्या हवालीं केला. १९९० सालीं ते वारले. कोथरुडांतल्या मस्तानीच्या महालाचे अवशेष आणून उभारलेलें एक दालनहि येथें आहे. आम्ही रोज ज्या भागांत राहतों तेथेंच कधीं काळीं तो महाल होता, हें ऐकून मुलांना फार नवल वाटलें.

पण मला ह्या संग्रहाचें वेगळेपण दुसऱ्याच गोष्टींत दिसतें. इतर ठिकाणीं तलवारी, नाणीं, राजेरजवाड्यांच्या तसबिरी असतात. येथें अडकित्ते आहेत, दिवे आहेत, कुलुपें आहेत, पाय घासायच्या वज्री आहेत, विळ्या आहेत, शेवेचे सोरे आहेत. घरांतल्या माणसाच्या, विशेषतः बाईच्या, हातांतून रोज गेलेल्या ह्या वस्तु. आणि त्या घडविणाऱ्यानें त्यांवर मोर, पोपट, घोडे काढण्यांत कोठें कुचराई केलेली नाहीं.

आमच्याकडे पुस्तकी माहिती सांगणारे दोघेतिघे होते. पण थोड्याच वेळांत सगळे सासूबाईंच्या मागें चालूं लागले. त्या एकेका कांचेपुढें थांबत आणि सांगत. वज्रीनें टाच कशी घासायची, आणि ती आंतून पोकळ कां असते. सोऱ्यांत पीठ भरतांना तें किती सैल असावें. विळीवर बसतांना कोणता पाय दुमडायचा. भाचीनें विचारलें, “आजी, तुला हें सगळें कसें माहीत?” “अगं, माहीत कसलें? हें माझ्या माहेरीं होतें,” त्या म्हणाल्या. परगांवचीं दोनचार अनोळखी माणसेंहि हळूच आमच्या घोळक्यांत मिसळून ऐकूं लागलीं होतीं. त्यांतल्या एका तरुण मुलीनें पितळी भांड्यांपुढें उभें राहून विचारलें कीं पूर्वीं भांड्यांवर नांवें घालीत, तीं कोणाचीं. सासूबाई म्हणाल्या, “आमच्या पातेल्यावर मामंजींचें आहे. घासलें मीं.” सगळे हंसले. त्याहि हंसल्या, आणि पुढच्या कपाटाकडे वळल्या.

घरीं परतलों तेव्हां साडेपांच वाजले होते आणि ऊन उतरलें होतें. त्याच आठवड्यांत मुकुंदनगरांत सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव चालू होता. भाऊजी आणि भाची तिकडे गेलीं. बाकीचे आम्ही दिवाणखान्यांत वर्तमानपत्र पसरून मटार सोलायला बसलों. ह्यांना आणि वन्संच्या यजमानांना मीं एकेक ढीग वेगळा करून दिला होता, म्हणजे कोण किती सोलतो तें सर्वांना दिसावें.

मटार सोलतांना सासूबाईंनीं सवाईची गोष्ट काढली. गुरु सवाई गंधर्व, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, १९५२ सालीं वारल्यावर भीमसेन जोशांनीं त्यांच्या स्मरणार्थ १९५३ सालीं हा महोत्सव सुरू केला. पुढें पुष्कळ वर्षें तो रमणबागेंत रात्र-रात्र चालत असे. लोक शाली, घोंगड्या, चहाचे थर्मास घेऊन जात आणि उजाडल्यावर घरीं येत. आतां ध्वनिवर्धकांच्या नियमांमुळें ती रात्रभराची बैठक राहिलेली नाहीं. त्या काळीं आमच्या ह्या घराचें बिऱ्हाड नारायण पेठेंत होतें, रमणबागेच्या अगदीं जवळ.

“तुम्ही कधीं मांडवांत बसलां होतां, आई?” जाऊबाईंनीं विचारलें.

“मांडवांत नाहीं. हे जात, भाऊजी जात. आम्ही घरीं. पण रात्रीच्या गारठ्यांत आवाज काय स्वच्छ येई! पहांटे चूल पेटवायला उठलें कीं भीमसेन चालू असायचे. स्वयंपाकघराची खिडकी त्याच अंगाला होती ना. भाकऱ्या थापतां थापतां सगळें ऐकलें मीं.” जरा थांबून त्या म्हणाल्या, “शेवटचें मात्र कधीं नीट ऐकलें नाहीं. तेवढ्यांत हीं सगळीं परत यायचीं, आणि चहा लागायचा.”

ह्यांच्या हातांतली शेंग तशीच राहिली. कोणी कांहीं बोललें नाहीं. मग भाच्यानें आपल्या फोनवर भीमसेनांची एक जुनी मैफल लावून तो आजीच्या जवळ ठेविला, आणि ती संपेपर्यंत स्वयंपाकघरांत कोणीं जाऊं नये असा हुकूम काढला. कुकर नऊ वाजतां चढला. उशीर झाल्याबद्दल त्या रात्रीं कोणाचीहि तक्रार आली नाहीं.

आतां धुंधुरमासाविषयीं. सूर्य धनु राशींत असतो तो हा महिना, साधारण १६ डिसेंबरपासून संक्रांतीपर्यंत. ह्या दिवसांत एकदां तरी सूर्योदयाच्या वेळीं गरम मुगाची खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी आणि वांग्याचें भरीत असा नैवेद्य दाखवून जेवावें, ही आपल्या घरांतली जुनी चाल. थंडींत भूक लवकर लागते आणि बाजरी-तीळ अंगांत ऊब आणतात, तेव्हां चाल शहाणपणाचीच आहे. फक्त सूर्योदयाला पान वाढायचें तर वाढणारणीला तीन वाजतां उठावें लागतें, एवढी गोष्ट ह्या चालीचें कौतुक करणारे सांगायला विसरतात.

आम्ही ती वाटून घेतली. वांगीं रात्रींच भाजून, सोलून ठेविलीं, तीं भाऊजींनीं, सवाईहून आल्यावर. खिचडीची तयारी वन्संनीं केली. पहांटे पांच वाजतां भाकऱ्यांना मी आणि जाऊबाई बसलों, आणि भाच्यानेंहि एक भाकरी थापली. ती तव्यावर पडण्यापूर्वीं दोन ठिकाणीं फाटली. आजीनें ती आपल्या वांट्याला मागून घेतली. भांडीं घासायला ह्यांनीं आपण होऊन बाह्या वर केल्या. तीस वर्षांच्या संसारांत हें दृश्य मीं प्रथमच पाहिलें, म्हणून येथें नमूद करून ठेवतें.

सहाच्या सुमारास डबे घेऊन निघालों. वाटेंत सारसबागेंतल्या तळ्यांतल्या गणपतीचें दर्शन घेतलें. नानासाहेब पेशव्यांच्या वेळीं येथें मोठें तळें होतें, म्हणून तें नांव. देऊळ सवाई माधवरावांच्या काळचें. हिंवाळा पडला कीं ह्या गणपतीला लोकरीचा स्वेटर आणि कानटोपी घालतात. देवाला थंडी वाजते काय, असें विचारणारे विचारोत. पहांटेच्या अंधारांत त्या कानटोपींतल्या मूर्तीपुढें उभें राहिल्यावर सर्वांच्या चेहऱ्यावर हंसूं येतें, आणि देवळांत हंसूं येणें ही कांहीं वाईट गोष्ट नव्हे.

पर्वतीच्या १०३ पायऱ्या. देवदेवेश्वराचें देऊळ नानासाहेबांनीं १७४९ च्या सुमारास बांधविलें, आणि पानिपतानंतर कांहीं महिन्यांतच, १७६१ सालीं, त्याच टेकडीवर त्यांनीं देह ठेविला. १८१७ च्या नोव्हेंबरांत खडकीची लढाई दुसऱ्या बाजीरावानें येथूनच पाहिली. मराठ्यांच्या राज्यावर आलेल्या दोन्ही मोठ्या संकटांची आंच ह्या एका टेकडीला लागलेली आहे. हल्लीं मात्र पहांटे येथें अधिक गर्दी असते ती व्यायामासाठीं पायऱ्या चढणाऱ्यांची.

पायथ्याशीं प्रश्न आलाच: आईंजवळ कोणीं थांबायचें? मी म्हणालें मी थांबतें. जाऊबाई म्हणाल्या, “तुम्ही कालहि त्यांच्याजवळच होतां, मी थांबतें.” सासूबाई म्हणाल्या, “मी काय लहान मूल आहें? जा सगळ्याजणी.” शेवटीं भाचा बॅग खालीं ठेवून पायरीवर बसला आणि म्हणाला, “मामी, तुम्ही दोघी धनुर्मासांत सूर्योदय पाहायला कधीं आलां होतां?” आम्ही दोघींनीं एकमेकींकडे पाहिलें. मग आम्ही चढलों.

वर पोहोंचलों तेव्हां पूर्वेला तांबडें फुटलें होतें आणि शहरावर धुक्याचा पातळ थर होता. सातनंतर पांच-सात मिनिटांनीं सूर्य वर आला. आधीं उंच इमारतींचीं टोकें उजळलीं, मग देवळांचे कळस. पेठांचा भाग अजून सांवलींतच होता, आणि त्यांतून कोठें कोठें धूर निघत होता. जाऊबाई कठड्याला टेकून पाहत उभ्या होत्या. बराच वेळ गेल्यावर त्या म्हणाल्या, “खिचडी निवेल हो.” पण जागच्या हालल्या नाहींत; मीहि हाललें नाहीं. खिचडी निवली. तिला पुन्हां ऊन करायला तेथें कांहीं साधन नव्हतें, आणि तशी ती खातांना कोणाचेंहि तोंड वांकडें झालेलें मीं पाहिलें नाहीं.

आम्ही उतरूं लागलों. पायथ्याशीं जेथें सासूबाईंना ठेविलें होतें तेथें त्या नव्हत्या. त्या पायऱ्यांवरच बसल्या होत्या, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून, आणि ऊन नुकतेंच त्यांच्या शालीवर येऊन पोहोंचलें होतें. मध्यंतरीं दोघांचें काय बोलणें झालें तें दोघांनींहि सांगितलें नाहीं, आणि आम्ही विचारलें नाहीं.

“आजी सतरा पायऱ्या चढली,” भाचा म्हणाला. “मीं मोजल्या.”

ह्यांचा चेहरा उतरला. “अगं आई, गुडघे...”

“राहिल्या शहाऐंशी,” सासूबाई म्हणाल्या, आणि डब्याकडे हात पुढें केला. फाटलेली भाकरी त्यांनीं प्रथम शोधून काढली, तिच्यावर लोणी घातलें आणि अर्धी नातवाला दिली. मग माझ्याकडे वळून त्यांनीं विचारलें, “काय गं, पुढच्या रविवारीं धनुर्मास असेल ना अजून?”